चौदाव्या गणिताचं उत्तर

मंगळवार, ४ मार्च

सापडलं. सापडायला नको होतं.

ताईकडे रंगकाम काढलंय, म्हणून मदतीला गेले होते. भाऊजींच्या टेबलामागची फळी रिकामी करायची होती. जुनी कॅलेंडरं, बंद पडलेली घड्याळं, भाचीची, चिऊची तिसरी-चौथीतली प्रगतिपुस्तकं — आणि मधेच माझं पुस्तक. 'खात्याच्या परीक्षेसाठी गणित सराव'. सहा वर्षांपूर्वी मीच दिलेलं, लेखकाला मिळालेल्या पाच प्रतींमधलं. पहिल्या पानावर माझंच अक्षर : 'भाऊजींना — पर्यवेक्षक झाल्याशिवाय सुटका नाही!'

मी आजवर धरून चालले होते की ते पुस्तक त्यांनी कधी उघडलंच नसेल. खरं तर त्यावरच जगत होते.

उघडलं. पान न् पान पेन्सिलीनं भरलेलं. बारीक, नीटस अक्षर, प्रत्येक उत्तराखाली दोन रेघा. शाळेत शिकवतात तशा.

मग सातवं प्रकरण. समचलन आणि व्यस्तचलन. वीस गणितं. मी तिथे जमिनीवर बसूनच तपासली. वीसच्या वीस बरोबर! आणि दुसऱ्यापासून विसाव्यापर्यंत प्रत्येकावर लाल पेनाची फुली. त्यांनीच मारलेली. मागची उत्तरसूची बघून.

आणि उत्तरसूची चुकलेली आहे. मला सहा वर्षं माहीत आहे.

सगळ्यात वाईट चौदावं. 'बारा पंप एक टाकी दहा तासांत रिकामी करतात, तर पंधरा पंप किती तासांत करतील?' भाऊजींनी पेन्सिलीनं लिहिलंय : आठ. बरोबर. त्यावर फुली. शेजारी पुन्हा करून बघितलंय, उलट्या रीतीनं, आणि आलंय साडेबारा. त्याला लाल गोल. 'जुळलं!' आणि समासात : 'पंप वाढले की वेळ वाढतो?? पुस्तकात असं आहे.'

ज्या माणसानं आयुष्यभर पाणीपुरवठ्याचे पंप चालवले, त्यानं हे लिहिलंय.

ताई बाहेरून ओरडली, "अगं, फळीवर झोपलीस की काय?" मी पुस्तक पिशवीत टाकलं. का टाकलं, ते मला माहीत नाही.

माहीत आहे.


बुधवार, ५ मार्च

पुस्तक माझ्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. चोरीच ही. दुसरा शब्द नाही.


गुरुवार, ६ मार्च

लिहूनच काढते एकदा. निदान इथे तरी.

ते प्रकरण मी मनापासून लिहिलं होतं. तेरावं आणि चौदावं गणित तर माझ्या लाडाचं. मुद्दाम तेच आकडे घातले होते. तेरावं : बारा मीटर नळाचं वजन दहा किलो, तर पंधरा मीटरचं किती? नळ वाढला की वजन वाढतं — समचलन — साडेबारा. चौदावं : बारा पंपांना दहा तास, तर पंधरा पंपांना? पंप वाढले की वेळ कमी — व्यस्तचलन — आठ. आकडे तेच, उत्तर वेगळं. वाचणाऱ्याला थांबून विचार करावा लागेल म्हणून. केवढी हुशारी वाटली होती मला माझी!

उत्तरसूची शेवटी उरली. त्या शुक्रवारी मैत्रिणींबरोबर चार दिवस डोंगरावर जायचं ठरलं होतं. गुरुवारी बसून भराभर उतरवली. उतरवताना पहिलं उत्तर दोनदा लिहिलं गेलं. झालं — पुढची सगळी एकेक घर खाली सरकली. विसाव्याचं उत्तर गळलं ते गळलंच. मोजली तर वीस भरली, म्हणून मी मोजण्यावरच समाधान मानलं. चौदाव्यासमोर तेराव्याचं साडेबारा येऊन बसलं. छापखान्यातून तपासायला मुद्रितं आली तेव्हाही वाचली नाहीत. खाली लिहिलं 'तपासले, बरोबर' आणि सही केली.

आठव्या प्रकरणात — झेड-गुण, म्हणजे सरासरीच्या किती वर की खाली — छापताना उणे चिन्हं गळाली. तेही तसंच सुटलं.

महिन्याभरानं पुस्तक चाळताना लक्षात आलं.  प्रकाशकांना कळवायचं ठरवलं. उद्या करू. मग पुढच्या आवृत्तीत करू. पुढची आवृत्ती निघाली, त्यानंतरचीही निघाली. एकही तक्रार आली नाही. मग मी म्हणाले, कोण बघतंय मागची पानं!

भाऊजींना तरी सांगायचं. दर रविवारी जातच होते की मी तिकडे. आई तेव्हा, शेवटची काही वर्षं, ताईकडे होती, अंथरुणाला खिळलेली. तिच्याशेजारी तासभर बसायचे, चहा घ्यायचे, निघायचे. भाऊजी दार लावायला यायचे आणि हसून म्हणायचे, "मास्तरीणबाई, तुमचं पुस्तक लई भारी हं! डोक्यावरून जातं." मला वाटायचं, न वाचता कौतुक करतायत. बिचारे.

बिचारे!


शनिवार, ८ मार्च

भाऊजींचा फोन. "मास्तरीणबाई, तुम्ही फळी आवरलीत ना परवा? माझं ते गणिताचं पुस्तक दिसलं का कुठे?"

मी विचारलं, आता कशाला?

"नवे साहेब मागे लागलेत. म्हणतात, परीक्षेचा अर्ज भरा. डिसेंबरात पन्नास पूर्ण होतात, मग बसता येत नाही. म्हटलं यंदा शेवटचा दणका देऊन बघू. दोनदा आपटलोय, तिसऱ्यांदा काय दुखणार आहे?"

मागून ताईचा आवाज : "कशाला त्या वाटेला जाताय परत!"

मी म्हणाले, नाही दिसलं. रद्दीत गेलं असेल.

किती सहज आलं तोंडातून.


रविवार, ९ मार्च

पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर घडी केलेलं एक पत्रक चिकटवलंय. त्यांच्या पहिल्या परीक्षेचा निकाल. मिळालेले गुण एकेचाळीस. उत्तीर्ण होण्यासाठी पंचेचाळीस. खाली सगळ्या परीक्षार्थींची सरासरी पन्नास, प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा पसारा, सहा. आणि पत्रकाशेजारी त्यांच्या अक्षरात 'परीक्षेत आलेले' असं लिहून आठवतील तेवढे प्रश्न उतरवलेले, आपण काय उत्तर दिलं त्यासकट.

दोन प्रश्न व्यस्तचलनाचे. एकात कामगार आणि दिवस, दुसऱ्यात वेग आणि वेळ. प्रत्येकी तीन गुण. दोन्ही त्यांनी पुस्तकात 'जुळलेल्या' रीतीनं सोडवलेत. कामगार वाढले, दिवस वाढवले. वेग वाढला, वेळ वाढवला. माझ्याकडून शिकले तसंच.

करायला नको होता तो हिशेब केला. एकेचाळीसमधून सरासरी पन्नास वजा — उणे नऊ. भागिले सहा — उणे दीड. हा त्यांचा झेड-गुण. आता ते सहा गुण मिळवले असते तर? सत्तेचाळीस. उणे तीन भागिले सहा. उणे अर्धा. सरासरीच्या जरा खाली — पण पास. पंचेचाळीसच्या दोन वर. पहिल्याच फटक्यात पास.

वर्गात मी किती ऐटीत सांगते — झेड-गुण म्हणजे माणूस घोळक्याच्या मधोमध उभा आहे की कडेला, ते कळतं. भाऊजी कडेला उभे नव्हते. मी ढकललं.

पुढच्या वर्षी पुन्हा बसले. तेव्हा अडतीस. नंतर बसलेच नाहीत. आणि आमच्या घरात एक विनोद रुळला. ताई म्हणायची, "गणित आमच्या माहेरी राहिलं, इकडे आलंच नाही!" सगळे हसायचे. भाऊजीही.

मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.


मंगळवार, ११ मार्च

उपाय काढला! दुसऱ्या लेखकाचं सराव पुस्तक आणलं. चांगलं जाडजूड. उत्तरसूचीतलं एकेक उत्तर आधी स्वतः तपासलं. सगळी बरोबर. घेऊन गेले संध्याकाळी. मनात म्हटलं, कुणाला काही कळायची गरज नाही. हे पुस्तक द्यायचं, चार दिवस शिकवायचं, माणूस पास, पाटी कोरी.

भाऊजींनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं. म्हणाले, "छान आहे. पण मला तुमचंच सापडायला हवं होतं. घरच्या माणसानं लिहिलेलं. त्यात माझी सगळी मेहनत आहे हो, चुकलेली का असेना."



चिऊ तिथेच पलंगावर एक फॉर्म घेऊन बसली होती. दहावीनंतरच्या विषयांचा. एकतीसपर्यंत द्यायचाय. गणिताच्या चौकोनावर रेघ मारलेली दिसली. मी म्हणाले, अगं, गणित का सोडतेस? तुला बऱ्यापैकी गुण असतात.

"बऱ्यापैकी म्हणजे घोकून, मावशी. माझ्यात बाबांचं डोकं आलंय. दहावीपर्यंत कसंबसं रेटलं, पुढे नाही झेपायचं."

भाऊजी हसले. "खरंय. माझंच खापर आहे ते."

मी चप्पल घातली आणि निघाले. रस्त्यात दोनदा थांबले. दोनदाही मागे वळले नाही.


गुरुवार, १३ मार्च

आज ठरवूनच गेले. घरी नको, सगळ्यांसमोर नको — पंपहाउसवर जाऊन एकट्यांना गाठायचं.

यापूर्वी कधी गेलेच नव्हते. इतक्या वर्षांत! उंच छताची लांबलचक खोली, चार मोठे पंप ओळीनं, फरशी ओली आणि स्वच्छ. भिंतीला टेकून एक टेबल, त्यावर नोंदवही. दर तासाला दाब लिहायचा. भाऊजी एकेका पंपाच्या अंगाला तळहात लावून बघत होते, आजारी माणसाच्या कपाळाला लावतात तसा.

मला बघून चकित. "मास्तरीणबाई! इकडे कुठे?"

तीन पंप चालू, चौथा उघडून ठेवलेला. त्यांनी हातवारे करत समजावलं. कारण आवाज इतका की कानाशी ओरडावं लागतं. चौथा बंद असल्यामुळे आज वरची टाकी भरायला आठ तास लागणार. चारही असते तर सहात भागलं असतं.

चारांना सहा. तिघांना आठ. चार सक चोवीस, तीन आठे चोवीस. कागद नाही, पेन्सिल नाही. हवा कशी आहे हे सांगावं तसं सांगून मोकळे झाले!

मी ओरडून विचारलं, मग माझ्या पुस्तकात पंप वाढले तर वेळही वाढतो, साडेबारा होतो, ते कसं?

चेहरा पडला. लाजले. "अहो, ते पुस्तकातलं. पुस्तकातले पंप वेगळे असतात ना! त्याला काहीतरी नियम असणार, मला नाही कळत. आमचं हे आपलं अडाण्याचं."

मी म्हणाले, "भाऊजी, पुस्तक चुकलंय. मी चुकलेय."

"काय?"

"मी चुकलेय!"

त्यांनी कानाला हात लावला. "काय म्हणालात?"

तेवढ्यात कुठलीतरी लहान घंटा वाजायला लागली आणि ते धावत गेले. परत आले तेव्हा मी म्हणाले, काही नाही. सहज आले होते.

दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगायला काय झालं होतं मला?


शुक्रवार, १४ मार्च

वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, उत्तर जुळलं नाही तर आपण चुकलो असंच समजायचं ना?" फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. घंटा होईपर्यंत.


रविवार, १६ मार्च

सांगितलं.

सकाळीच गेले. पुस्तक पिशवीतून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. ताई भाजी निवडत होती, चिऊ केस विंचरत होती, भाऊजी वर्तमानपत्रात. पुस्तक बघून खूश — "अरे वा, मिळालं! कुठे होतं?"

माझ्या कपाटात, मी म्हणाले. मी चोरलं होतं.

हसले. त्यांना वाटलं गंमत.

मग सगळं बोलले. न थांबता, खाली बघून. उत्तरं एक घर सरकली ते. उणे चिन्हं गळाली ते. न वाचता सही केली ते. महिन्याभरात कळलं होतं ते. सहा वर्षं गप्प बसले ते. निकालाचं पत्रक आणि सहा गुण, तेही. पहिल्याच वेळी पास झाला असतात — हे वाक्यसुद्धा म्हटलं. 

 ताईच्या हातातली काडी हातातच राहिली. मी तिच्याकडे बघितलं. वाटलं आता सुटणार तिच्या तोंडाचा पट्टा. लहानपणापासून मला बोलायची एक संधी सोडली नाही तिनं. मलाही हवंच होतं ते. पण ती उठली, भाजीचं ताट उचललं आणि आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ चालू होता नळ.

इतका राग की शब्दही नाही, मी समजले.

भाऊजींनी पुस्तक ओढून घेतलं. चौदावं काढलं. त्या लाल गोलावर बोट ठेवलं, मग फुली मारलेल्या आठवर.

"म्हणजे आठ बरोबर होतं?"

हो.

"आणि हे? हे पण?" एकेक पान उलटत विचारत होते. तिसरं? बरोबर. सहावं? बरोबर. अकरावं? बरोबर. एकोणीस वेळा विचारलं, एकोणीस वेळा मी हो म्हणाले. आवाज चढला नाही त्यांचा. विसाव्यानंतर चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला एकदा वाटलं होतं," ते म्हणाले, "की मागचंच चुकलं असेल. पण म्हटलं, तुम्ही कशा चुकाल?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चिऊ मात्र भडकली. "मावशी, तू सगळ्यांबरोबर हसायचीस! बाबांना हसायचीस!" कंगवा आपटून गच्चीवर निघून गेली.

निघताना भाऊजी दारापर्यंत आले, नेहमीसारखे. म्हणाले, "मंगळवारपासून या. शिकवा. आता उरलेलं तरी नीट करू."


सोमवार, १७ मार्च

प्रकाशकांच्या संपादकांना फोन केला. मी म्हणाले, शुद्धिपत्र छापा, पुस्तकं परत मागवा, माझ्या नावासकट सगळं जाहीर करा.

"बाई, सहा वर्षांत एक पत्र नाही आलं तक्रारीचं. कशाला उकरून काढता?"

मी म्हणाले, तक्रार कोण करणार? ज्यांना वाटलं आपणच ढ, ते?

 मग ते म्हणाले, "लेखी पाठवा. चूक कुणाची तेही लिहा."

लिहिलं. पाठवलं. शाळेतही मुख्याध्यापकांना एक प्रत दिली. त्यांनी वाचली आणि चष्म्यावरून बघितलं. "पाचवीच्या स्वाध्यायपुस्तिकेचं काम तुम्हाला देणार होतो." होतो.

ठीक आहे.


गुरुवार, २० मार्च

तिसरा दिवस शिकवणीचा. ताई चहा ठेवून जाते, माझ्याकडे बघत नाही.

आज झेड-गुण. मी नेहमीच्या रस्त्यानं निघाले — विद्यार्थ्यांचे गुण, सरासरी, विचलन. भाऊजी मान डोलावत होते, पण डोळे हरवलेले. मग सुचलं. विचारलं, तुमच्या नोंदवहीत दाब किती असतो सहसा?

"चार. कधी तीन पॉइंट आठ, कधी चार पॉइंट दोन. त्यात काही नाही, चालतं."

बरं. म्हणजे सरासरी चार, विचलन साधारण पॉइंट दोन. आज तीन पॉइंट सहा आला तर?

"तर पळायचं! लाइन फुटली कुठेतरी."

करा आता. तीन पॉइंट सहा वजा चार. उणे पॉइंट चार. भागिले पॉइंट दोन. त्यांनी लिहिलं : उणे दोन. बघत राहिले त्याच्याकडे.

"आणि चार पॉइंट चार आला तर अधिक दोन. म्हणजे पुढचा व्हॉल्व्ह कुणीतरी बंद केलाय, पाणी तुंबलंय." मग एकदम पेन्सिल खाली ठेवली. "अहो, मग हे उणंच तर मुख्य आहे! उणं गेलं तर फुटलंय की तुंबलंय, कळणार कसं?"

हेच. हेच गळालं होतं माझ्या पुस्तकातून. मी वर्षानुवर्षं शिकवते आणि इतकं सरळ मला कधी सांगता आलं नाही.

त्यांच्या आठव्या प्रकरणाच्या समासात जुनी ओळ होती : 'उणे आले तरी लिहायचे नाही.' त्यांनी स्वतः खोडली. रबरानं नाही — पेनानं, जोर देऊन.


शनिवार, २९ मार्च

चिऊ माझ्याशी अजून धड बोलत नाही. पण आज शिकवणीच्या वेळी टेबलाच्या टोकाला येऊन बसली, स्वतःची वही घेऊन. भाऊजी तिला म्हणाले, "हे बघ, एक वाढलं की दुसरं वाढतं तिथे भागाकार कायम राहतो. एक वाढलं की दुसरं घटतं तिथे गुणाकार कायम. बस. चार पंप, सहा तास, चोवीस. ती चोवीस हलत नाही. ती धरून ठेवायची."

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

विषयांचा फॉर्म बघितला नाही मी. विचारायचा हक्क नाही.


सोमवार, ३१ मार्च

चिऊचा संदेश, दोनच शब्द : 'गणित ठेवलं.' खाली ना मावशी, ना काही. तरी दहादा वाचला.


रविवार, २० एप्रिल

भाऊजींची परीक्षा. मी सोडायला गेले. आयुष्यभर युनिफॉर्ममध्ये बघितलेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून पंचविशीतल्या पोरांच्या रांगेत उभा. एकानं विचारलं, "काका, मुलाला सोडायला आलात?" म्हणाले, "नाही रे बाबा, स्वतःलाच."

ताई आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

दुपारी बाहेर आले तेव्हा काही बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "उत्तरसूची नसली की किती बरं वाटतं हो!"

मला हसू आलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.


मंगळवार, २९ एप्रिल

शुद्धिपत्र निघालं. चार पानी, माझ्या नावानं. शिक्षक-खोलीत टेबलावर कुणीतरी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. कुजबुज ऐकू आली. बरोबरच आहे. डबा तिथेच बसून खाल्ला, उठून गेले नाही.

किती जणांनी माझ्यामुळे आपल्या बरोबर उत्तरांवर फुल्या मारल्या असतील? हा आकडा कुठल्याच सूत्रात बसत नाही. एकाचंच तोंड मला दिसतं.


गुरुवार, २२ मे

पास! त्रेपन्न!

पत्रक घेऊन स्वतः आले माझ्या घरी, युनिफॉर्मवरच. उभ्याउभ्या वहीचा कागद मागितला. सरासरी एकोणपन्नास, विचलन आठ. त्रेपन्न वजा एकोणपन्नास — चार. भागिले आठ. "अधिक अर्धा!" म्हणाले. आणि ते अधिकचं चिन्ह इतकं मोठं काढलं की कागद भरला.

पर्यवेक्षक. नेमणूक धरणावरच्या स्टेशनला. पहिली तीन वर्षं बाहेरच काढावी लागतात, तसा नियमच आहे, सुरुवातीपासूनचा. शनिवार-रविवार घरी येणार. चिऊचं कॉलेज इथे, म्हणून ताई इथेच.

जाताना म्हणाले, "मास्तरीणबाई, आता पुरे. झालं गेलं." मी मान हलवली. पुरे होत नाही पण. पन्नाशीत मिळालेलं त्रेचाळिसाव्या वर्षी मिळायला हवं होतं. सहा-सात वर्षं मी खाल्ली एका माणसाची, एका सहीनं.


रविवार, २५ मे

ताई आली. एकटीच. बसली नाही, दाराशी उभं राहूनच बोलली.

"हे म्हणतात तू अजून स्वतःला खातेस. म्हणून सांगायला आले. त्यांनी मला तेव्हाच विचारलं होतं — पंप वाढले की वेळ वाढेल का गं? मी म्हणाले, पुस्तकात आहे तर असेल."

मी म्हणाले, तूही माझ्या भरवशावर गेलीस.

"नाही. मला दिसत होतं की आठच बरोबर. न दिसायला काय झालं? दोन दिवस डोकं धरून बसले होते ते. माझा एक शब्द पुरला असता."

मग का नाही सांगितलंस?

"पास झाले असते तर बदली झाली असती." पदराच्या टोकाशी चाळा करत ती जमिनीकडे बघत राहिली. "आईला उचलायला दोन माणसं लागायची. एक मी. दुसरं कोण होतं गं?"